दिवाळीनंतरचं किन्नौर: ठाण्यातल्या एका कॅम्पर व्हॅनची थंडीतली सहल

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या जरा पुढे राहणारं हे कुटुंब. नावं देत नाही. दादा, वहिनी, त्यांचा आठवीतला मुलगा आणि दादांचे वडील अण्णा, एवढ्यावर काम भागतं. दादा ऐरोलीला आयटीत, वहिनी शाळेत शिक्षिका. अण्णा सत्तरीचे, बँकेतून निवृत्त, बीपीची गोळी रोजची.

दादांनी २०१८ सालची बीएस-४ (म्हणजे धुराच्या जुन्या नियमांतली) डिझेल ट्रॅव्हलर सेकंडहँड घेतली आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तिची कॅम्पर करून घेतली. चौघांना झोपायला जागा, छोटा ओटा, फ्रिज, गाडीच्या पोटाखाली ८० लिटरची पाण्याची टाकी, कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते असं), टपावर सोलर. आरटीओत बदलाची नोंदही रीतसर झालेली, जे आपल्याकडे निम्मे हौशी लोक टाळतात आणि मग विम्याच्या वेळी कपाळाला हात लावतात.

गाडी होती कोकणासाठी. दिवेआगर, गणपतीपुळे, फार तर तारकर्ली. त्यामुळे तिच्यात सगळी अक्कल उकाड्याविरुद्ध खर्च झालेली: मोठ्या खिडक्या, टपावर हवा ओढणारा पंखा, प्रत्येक झडपेला मच्छरदाणी. तिने पाहिलेली सर्वांत मोठी थंडी म्हणजे माळशेजची पहाट.

मुलाच्या डोक्यात हिमाचलमधलं स्पिती बसलं होतं. वहिनींची सुट्टी आणि मुलाची सुट्टी एकत्र येते ती दिवाळीत किंवा मे महिन्यात, आणि पुढच्या मे महिन्यात घरात लग्न होतं. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. भाऊबीज उरकून निघायचं आणि शाळा उघडायच्या आत परतायचं, मधे मिळत होते साधारण दोन आठवडे. मी गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो आणि कॅम्परवाले लोक अधूनमधून सहलीचा आराखडा तपासायला घेऊन येतात. दादाही तसेच आले, लॅपटॉपवर रंगीत तक्ता घेऊन. अण्णा सोबत होते. त्यांचं मत त्यांनी चहा यायच्या आत देऊन टाकलं: “दिवाळीत लोक कोकणात जातात. हा आम्हाला गोठवायला नेतोय.”

अडचण नेमकी कुठे होती

दादांचा मूळ आराखडा असा: मनालीहून अटल बोगद्यातून लाहौल, तिथून कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतलं काझा, आणि परत शेजारच्या किन्नौर जिल्ह्यामार्गे शिमला. कागदावर गोल सुंदर दिसतो. पण ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्याने रोहतांगची खिंड टळते, कुंझुम टळत नाही. बोगद्यातून बाहेर पडून काझाकडे वळलं की साडेचार हजार मीटरवरची ती खिंड समोर उभीच असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ती कधी बंद होईल ते पहिल्या मोठ्या बर्फावर ठरतं आणि एकदा बंद झाली की उन्हाळ्यापर्यंत विसरायची. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार जणांचं घर घेऊन तिकडे जाणं हा धाडसाचा प्रश्न नव्हता, रस्ता असेल का एवढाच होता. हा भाग पाच मिनिटांत निकालात निघाला.

खरा पेच पुढे. दादा मला परत परत विचारत होते, “तिथे किती थंडी असेल?” आणि त्यांची सगळी खरेदी त्या उत्तरावर चालली होती: जाड रजया, थर्मल, गरम पाण्याच्या पिशव्या. माझ्या मते माणसांच्या थंडीची काळजी सगळ्यात शेवटी करायची, कारण माणूस कुडकुडायला लागला की सांगतो. गाडीच्या पोटातली पाण्याची टाकी सांगत नाही. म्हणून मी तक्त्याच्या शेजारी दुसरी यादी करायला लावली: या गाडीत पातळ काय काय आहे?

टाकीतलं आणि पाइपातलं पाणी. टॉयलेटचं पाणी. डिझेल. इंजिनाचं कूलंट. काच धुवायचं पाणी. सिलिंडरमधला गॅस, कारण तो आत पातळच असतो. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या तापमानाला दगा देते.

तारखा शाळेने ठरवल्या होत्या, त्या हलणार नव्हत्या. मग हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे उंची. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. वाटेतलं रामपूर हजार मीटरच्या आसपास, किन्नौरमधलं कल्पा २,९६० मीटर, स्पितीतलं ताबो ३,२८० च्या आसपास, काझा त्याहून वर. कल्पाला नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या आसपास घुटमळतो; काझात शून्याखाली आठ-दहा अंश सहज. त्या दोन गावांमधल्या फरकावर ही गाडी न्यायची की नाही हे ठरणार होतं.

पर्याय

चार पर्यायांवर चर्चा झाली.

पहिला, गाडी किन्नौरमार्गे थेट काझापर्यंत न्यायची आणि त्याच रस्त्याने परत आणायची. हा रस्ता हिवाळ्यातही बहुतेक चालू असतो, हिमाचल परिवहनची बस जाते. दादांचा कल इकडे. माझा विरोध रस्त्याला नव्हता, डिझेलला होता. डिझेलमध्ये मेण असतं; थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं ते थिजायला लागतं आणि फिल्टर बुजतो. भारतीय मानकात हिवाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहायचं थांबतं ते तापमान) कमाल ३ अंश आणि उन्हाळी डिझेलचा १५ अंश धरला आहे. प्रत्यक्षातलं डिझेल बहुतेक वेळा याहून बरं निघतं, पण “बहुतेक वेळा”वर उणे दहाच्या रात्री गाडी उभी करायची नसते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं ते याच कारणाने.

दुसरा, व्हॅन ठाण्यातच ठेवायची, चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी. सगळ्यात शहाणा पर्याय, आणि सगळ्यात कमी लोकप्रिय. मुलगा म्हणाला, मग ती सगळ्यांचीच सहल झाली, आपली कुठे? मला त्याचं पटलं.

तिसरा अण्णांचा: कच्छला चला. गाडीला शोभणारा, हवेला शोभणारा, आणि ठाण्याहून एवढा दूरही नाही. वहिनींनी त्यांना हळूच विचारलं, ताबोचा गोम्पा बघायचा नाही का? अण्णांना भित्तिचित्रांचं वेड आहे, आणि ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. अण्णा गप्प बसले. घरातल्या राजकारणात वहिनींचा हात कोणी धरणार नाही.

चौथा पर्याय या तिघांच्या घासाघिशीतून निघाला. व्हॅन कल्पापर्यंत, एक मीटरही वर नाही. कल्पाहून ताबोला, खालच्या रेकाँग पिओ गावची टॅक्सी करून जायचं, तिथे होमस्टेत एक रात्र, आणि परत. वाटेतल्या नाकोऐवजी ताबो अशासाठी की नाको साडेतीन हजार मीटरच्या वर. कल्पाहून तिथे झोपायला जायचं म्हणजे एका दिवसात सातशे मीटरची उडी. तीन हजारांच्या वर रोज झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. ताबोची उडी सव्वातीनशेची. रस्ता नाकोवरूनच जातो, पण दिवसा तिथून जाणं वेगळं आणि तिथे रात्र काढणं वेगळं.

हाच पर्याय ठरला.

जाण्याचा रस्ता

इथे एक गोष्ट जवळजवळ निसटली होती. दादांच्या तक्त्यात दिल्लीत मुक्काम होता. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली की ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे कडक होणाऱ्या निर्बंधांचे, टप्पे लागतात, आणि तिसरा टप्पा लागला की बीएस-४ डिझेल चारचाकींना दिल्लीत आणि गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर या चार जिल्ह्यांत बंदी येते. दंड वीस हजारांचा. महाराष्ट्रात कोणाच्या ध्यानीमनीही नसतं हे. म्हणून दिल्ली पूर्ण टाळली: अहमदाबाद हायवेने गुजरात, उदयपूर, जयपूर, नारनौल, आणि तिथून २०२२ मध्ये सुरू झालेल्या १५२-डी महामार्गाने इस्माइलाबादकडे आणि पुढे अंबाला. १५२-डी सव्वादोनशे किलोमीटर सरळसोट आहे.

दुसरा प्रश्न अण्णांचा. ठाण्याहून शिमला सतराशे किलोमीटरच्या आसपास. ट्रॅव्हलरच्या चालीने आणि फक्त उजेडात चालवायचं म्हटलं तर अंबालापर्यंतच चार दिवस. सत्तरीच्या माणसाला आधी चार दिवस हादरवायचं आणि मग डोंगरावर चढवायचं, यात काही अर्थ नव्हता. तोड वहिनींच्या भावाने काढली. भाऊबीजेला तो ठाण्यात येणारच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा आणि तो गाडी घेऊन निघाले. वहिनी, मुलगा आणि अण्णा विमानाने चंदीगडला गेले. मेहुणा तिथून विमानाने परत. माझ्या मते संपूर्ण आराखड्यातला हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो माझा नव्हता.

डोंगरातले मुक्काम पायऱ्यांसारखे लावले: सोलन १,५०० मीटर, नारकंडा २,७००, मग खाली सराहन २,१६५, मग कल्पा.

गाडीची तयारी

रबाळ्याच्या शेडमध्ये गाडी उभी केली आणि आधी रेडिएटरचं झाकण उघडलं. आत विटकरी रंगाचं पाणी. कूलंटचा मागमूस नाही. कुठल्या तरी मुक्कामी पातळी कमी दिसली असेल, कोणी बिसलरीची बाटली ओतली असेल, पुन्हा ओतली असेल. मुंबईच्या हवेत गाडी याने बंद पडत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. शून्याखाली मात्र हे पाणी बर्फ होतं, बर्फ नऊ टक्क्यांनी फुगतो आणि ब्लॉकला तडा जातो. सगळं काढलं, दोनदा धुतलं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. एवढ्या प्रमाणाला ते उणे पस्तिशीच्या आसपास टिकतं. या कामाला अर्धा दिवस लागला आणि खर्च हीटरच्या दहाव्या हिश्शाचाही नव्हता.

त्याच शेडमध्ये दुसरा प्रसंग. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांचं काय करायचं यावर मेकॅनिक सहज म्हणाला, “साहेब, त्याच्यात पण कूलंट टाकून देतो. काय होत नाय.” होतं. गाडीचं कूलंट बहुतेक इथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विष आहे, चवीला गोड लागतं, आणि त्याच पाइपातून पुढे कोकणात मुलगा पाणी पिणार. परदेशात कॅम्परच्या पाइपांत घालतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉल, पूर्ण वेगळा पदार्थ. केमिकलच्या व्यापाऱ्यांकडे तो मिळतो, पण आम्ही तेही टाळलं. सरळ ठरवलं: सराहन सोडताना टाकी, पंप आणि पाइप पूर्ण रिकामे करायचे, नळ उघडे ठेवायचे, आणि कल्पाला वीस लिटरचे दोन कॅन गाडीच्या आत, बिछान्याखाली. हाताने दाबायचा पंप. गैरसोय होते, पण फुटण्यासारखं काही उरत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल फक्त टॉयलेटच्या कॅसेटसाठी थोडं घेतलं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, २०० अँपिअर-अवरची, मागच्या दाराशी बसवलेली. ही बॅटरी थंडीत वीज देते, पण शून्याखाली तिला चार्ज करू नये. आतून कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीचा बीएमएस (तिला सांभाळणारं आतलं सर्किट) अशा वेळी चार्जिंग तोडतो, म्हणजे सकाळी गाडी चालू केली तरी बॅटरी भरतच नाही आणि माणूस अल्टरनेटरला शिव्या देत बसतो. ती काढून पुढे, बिछान्याखाली, गरम बाजूला आणली. सोलरवर भिस्त ठेवू नका म्हणून सांगितलं: सतलजच्या अरुंद खोऱ्यात नोव्हेंबरचं ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं.

डिझेल हीटर बसवला, जळण्यासाठी हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा. उंचीवर हवा विरळ असल्याने असे हीटर हवेच्या मानाने जास्त डिझेल घेऊन काजळी धरतात, म्हणून उंचीची सेटिंग असलेला शोधून घेतला. रात्रभरात वीज वीसेक अँपिअर-अवर खातो, म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आणि एक नियम, ज्यावर चर्चा नाही: ऊबेसाठी गाडीत शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत.

गॅसचं गणित सोपं आहे, पण कोणी करत नाही. एलपीजी म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण. प्रोपेनची वाफ उणे ४२ पर्यंत होत राहते, ब्युटेन मात्र शून्याला पोचतानाच बसकण मारतो. दादांचा आवडता छोट्या डब्यांचा पिकनिक स्टोव्ह जवळजवळ निव्वळ ब्युटेनवर चालतो. तो घरी राहिला. पाच किलोचा सिलिंडर बरोबर घेतला, पण मुख्य स्वयंपाक इंडक्शनवर, हॉटेलच्या आवारात प्लग मिळेल तिथे.

बाकीचं भराभर: काच धुवायचं पाणी बदललं, टायरची हवा कल्पाला सकाळी थंड टायरवर बघायची ठरलं, बर्फात टायरला लावायच्या चेन घेतल्या आणि मेहुण्याने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चढवून-उतरवून पाहिल्या. ज्यांच्या बीएस-६ गाडीला डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) लागतं त्यांनी तिकडेही बघावं, ते उणे ११ ला गोठतं.

घरी लिहिलेली अट

मी प्रत्येक कुटुंबाला निघण्याआधी एक कागद करायला लावतो: कशाने परत फिरायचं. डोंगरात, सुट्टीचे पैसे भरलेले असताना, मूल रडत असताना कोणीही नीट विचार करत नाही. ठाण्यात, जेवणाच्या टेबलावर करता येतो. यांच्या कागदावर तीन कलमं होती.

एक, कोणालाही डोकेदुखीसोबत उलटी किंवा जेवण नको असं झालं तर त्याच दिवशी खाली. दोन, डोंगरात दुपारी चारनंतर गाडी हलवायची नाही. तीन, हवामान खात्याने किन्नौर किंवा लाहौल-स्पितीच्या उंच भागाला पुढच्या ४८ तासांत बर्फाचा कोणताही इशारा दिला, तर ताबो रद्द आणि व्हॅन रामपूरला खाली.

तिसऱ्या कलमातल्या “कोणताही” या शब्दावर कोणी अडखळलं नाही. मीही नाही, मला तेव्हा तो योग्यच वाटला होता.

प्रत्यक्षात काय झालं

सोलनला सगळं ठीक. नारकंड्याच्या पहिल्या थंड रात्री हीटर मस्त चालला आणि गाडी इतकी ऊबदार झाली की दादांनी टपावरची झडप पूर्ण लावून टाकली. सकाळी वहिनींनी गादी उचलली तर खालची फळी ओलीचिंब. गादीची पाठ हाताला गार आणि जड लागत होती, मागच्या दाराच्या बिजागरांवर पाण्याचे थेंब लोंबत होते. मुलाला वाटलं टाकी फुटली. टाकी नव्हती, ते त्यांचेच श्वास होते. झोपलेला एक माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. चौघांचं मिळून एक लिटर, आणि ते जाऊन बसतं गाडीतल्या सगळ्यात थंड पृष्ठभागावर. हे आमच्या यादीत नव्हतं. आम्ही गाडीतले सगळे द्रव मोजले आणि माणसांनी आणलेला राहिला. पुढे त्यांनी झडप दोन बोटं उघडी ठेवली, हीटर थोडा वाढवला आणि गादीखाली सराहनच्या बाजारातून घेतलेल्या बांबूच्या पट्ट्या घातल्या. कल्पाला फळी कोरडी राहिली.

सराहनला भीमाकालीच्या देवळात अण्णा दोन तास रमले. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून वर.

कल्पाची पहिली सकाळ. किन्नर कैलासवर ऊन, गाडीच्या काचेवर आतून पांढरी नक्षी, बाहेर थर्मामीटर उणे तीन. गॅसची ज्योत मेणबत्तीएवढी झाली होती आणि चहाला अर्धा तास लागणार असं दिसलं. सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवल्यावर जरा सुधारली. तेवढ्यात हॉटेलवाल्याने इंडक्शनसाठी प्लग दिला आणि प्रश्न मिटला. गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. डिझेल रामपूरला भरलेलं होतं, जिथे वरच्या रस्त्यावर जाणारे ट्रक भरतात. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या वर. पाइप रिकामे, फुटायला काही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी हवामान खात्याचा पिवळा इशारा आला: पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची हवा), उंच भागात हलका हिमवर्षाव. कागद बाहेर निघाला. दादा म्हणाले, पिवळाच आहे. मुलगा म्हणाला, पिवळाच आहे. टॅक्सीवाला फोनवर म्हणाला, “कुछ नहीं होगा जी, बस भी जाएगी.” वहिनींनी कागदावर बोट ठेवलं. अण्णांना तोवर ताबोची सगळ्यांत जास्त ओढ लागली होती, ते म्हणाले, “लिहिलंय ना? मग झालं.” आणि खोलीकडे गेले.

सकाळी व्हॅन रामपूरला उतरली. दोन दिवस ढग राहिले. वरच्या शिखरांवर पांढरं पडलं, रस्ता चालू राहिला, बस ताबोला गेली आणि परत आली. दादांनी मला रामपूरहून फोन केला तेव्हा आवाजात राग होता, आणि तो रास्त होता.

काय वेगळं करता आलं असतं

परत फिरणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पिवळ्या इशाऱ्यानंतर मोठा बर्फ पडलेली उदाहरणं किन्नौरच्या कोणत्याही ड्रायव्हरकडे असतात. पण अट ढोबळ होती, आणि तिच्यात दोन वेगळे धोके एकाच दाव्याला बांधले गेले होते. एक धोका गाडीचा: रात्री उघड्यावर उभी, जड, जुनी, चेन लावण्याचा सराव पार्किंगपुरता. तिने पहिल्या इशाऱ्याला खाली यायलाच हवं. दुसरा धोका माणसांचा: स्थानिक ड्रायव्हरसोबत, पक्क्या घरात, आणि वाईटात वाईट म्हणजे ताबोला दोन-तीन दिवस अडकणं. अडकणं किती महाग पडेल हे बर्फावर नाही, हातात किती दिवस शिल्लक आहेत आणि अण्णांच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत यावर ठरतं. गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्तीच्या होत्या. दिवस मात्र दोनच शिल्लक होते, कारण परतीचे चार दिवस चौघांनी गाडीनेच यायचं ठरलं होतं.

तिथे खरी गाठ होती. जाताना जी युक्ती केली ती येताना केली असती, म्हणजे तिघांना चंदीगडहून विमानात बसवलं असतं, तर त्यांच्यासाठी आणखी तीन दिवस मोकळे झाले असते आणि ताबोला अडकण्याचा धोका परवडला असता. खर्च हे कारण होतं, आणि एकट्या दादांनी सतराशे किलोमीटर चालवायचं कसं हेही. मेहुण्याला पुन्हा चंदीगडला बोलावणं कोणाला सुचलं नाही. भाऊबीजेची ओवाळणी एकदाच घ्यायची असते, असं वहिनी म्हणतात.

स्थानिक माहितीला कागदावर जागाच नव्हती, हे दुसरं. टॅक्सीवाल्याचा शब्द हा त्याच्या भाड्याचाही शब्द असतो, त्यावर विसंबू नये. पण बस सुटली का, हा प्रश्न वेगळा. त्यात कोणाचा स्वार्थ नसतो आणि तो सकाळी सहाला पिओच्या स्टँडवर विचारता येतो.

गाडीबद्दल म्हणाल तर हीटरआधी हवा जायची वाट करायला हवी होती, आणि मोठ्या खिडक्यांना आतून फोमचे झाकण. पस्तीस हजारांच्या हीटरची निम्मी ऊब त्या कोकणी खिडक्यांतून बाहेर गेली. पाण्याची टाकी गाडीच्या आत घ्यावी का, यावर दादा विचार करतायत. मी नको म्हणतो, कारण वर्षातले पन्नास आठवडे ही गाडी दमट हवेतच राहणार आहे आणि आतली जागा झोपायला लागते.

तिसरं कलम आता दोन ओळींचं झालंय. व्हॅनसाठी: कोणताही इशारा आला की खाली. माणसांसाठी: नारिंगी किंवा लाल असेल तर वर नाही, पिवळा असेल तर सकाळची बस सुटल्याची खात्री, हातात किमान तीन दिवस शिल्लक आणि आठवड्याची औषधं, हे तिन्ही असेल तरच पुढे. वहिनींना तीनऐवजी चार दिवस हवेत. दादांना दोन पुरतात. अण्णांनी त्या वादात पडायचं नाकारलं आहे; त्यांनी परस्पर जूनमधलं चंदीगडचं तिकीट काढलंय, एकट्याचं, आणि पिओहून ताबोची बस किती वाजता सुटते ते फोन करून विचारून ठेवलंय.